फोम सगळ्यात शेवटी

इअरफोन लावून ऐकत असाल तर आवाज दोन घरं खाली घ्या. आज आवाजाबद्दलच बोलायचंय, आणि निदान या एका भागासाठी तरी तुमच्या कानांची काळजी मला घेऊ द्या.

मागच्या महिन्यात मी मामांच्या लाँचचा एक छोटा व्हिडिओ टाकला होता. इंजिन चालू आहे आणि दोन माणसं शेजारी बसून साध्या आवाजात बोलतायत, एवढाच. त्यावर एकाच धाटणीचे बरेच मेसेज आले. "दादा, कुठला फोम लावला? लिंक द्या." फोमबद्दल सांगतो, पण बऱ्याच वेळाने. कारण त्या लाँचवर फोम हे आमचं शेवटचं काम होतं, आणि तो आधी लावला असता तर पैसे पाण्यात गेले असते. अक्षरशः.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. मी महाळुंगे पडवळचा, तालुका आंबेगाव. आयटीआयला डिझेल मेकॅनिक केलं, मग काही वर्षं मुंबईला बोटींच्या वर्कशॉपमध्ये होतो, आता गावाकडंच गॅरेज आहे. आमच्याकडं समुद्र नाही, पण घोडेगावच्या पुढं घोड नदीवर डिंभे धरण आहे. त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. बाबू गेनू सैद आमच्या महाळुंग्याचे. मुंबईत गिरणी कामगार होते, आणि १२ डिसेंबर १९३० ला परदेशी कापड नेणाऱ्या ट्रकपुढं आडवे झाले ते उठले नाहीत. हे तुम्ही शाळेत वाचलंय. मला त्यात गिरणी महत्त्वाची वाटते. आमच्या भागातनं कितीतरी माणसं मुंबईला गिरणीत गेली, आणि मागखात्यात आयुष्य काढलेली जी म्हातारी माणसं मी लहानपणी पाहिली, ती सगळी मोठ्यानं बोलायची. आम्हाला वाटायचं, मुंबईला राहून आलेत म्हणून रुबाब आहे. रुबाब कसला, त्यांना ऐकूच कमी यायचं.

हे दुखणं जुनं आहे. रामाझिनी नावाच्या इटालियन डॉक्टरानं कारागिरांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं, त्याच्या १७१३ च्या आवृत्तीत तांब्याची भांडी ठोकणारे कारागीर कसे बहिरे होतात त्याचं वर्णन आहे. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत कधी दुपारी उभे राहिलात तर तो डॉक्टर काय म्हणत होता ते दोन मिनिटांत कळेल.

तर मामा. मामा वीसेक वर्षं डिंभ्याच्या फुगवट्यात लाँच चालवतात. ज्या गावाचं नाव तालुक्याला आहे ते जुनं आंबेगाव याच पाण्याखाली गेलं. आता पलीकडच्या वाड्यांवरनं बाजाराला येणाऱ्या बाया, शाळेची पोरं, कधी आजारी माणूस, अशी वाहतूक असते. पत्र्याची लाँच, मधोमध दोन सिलिंडरचं पाण्यानं थंड होणारं डिझेल इंजिन, त्यावर एक पत्र्याचं झाकण, आणि झाकणापासनं हातभर अंतरावर मामांची बसायची जागा.

दोनेक वर्षांपूर्वी मामी म्हणायला लागल्या, "हे आजकाल लक्षच देत नाहीत." मामांचं म्हणणं उलटं, "तुम्ही सगळे पुटपुटता." दोघंही खरं बोलत होते. सतत मोठ्या आवाजात राहिलेल्या कानाचं आधी बारीक, उंच पट्टीचं ऐकणं जातं, साधारण ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यातलं. माणसाचा आवाज ऐकू येतो, पण स, श, ट, क, फ यांच्या कडा झिजतात. त्यामुळं "साठ" म्हटलेलं "आठ" वाटतं. पोरींचं आणि लहान मुलांचं बोलणं आधी हरवतं. कानाच्या आत शंखासारख्या भागात ज्या सूक्ष्म केसांच्या पेशी असतात त्या एकदा मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. गोळी नाही, ऑपरेशन नाही. ऐकण्याचं मशीन मिळतं, कान मिळत नाही.

आणि लाँचवर हा फक्त मामांचा प्रश्न नव्हता. मागं बसलेलं पोर पाण्यात पडलं आणि ओरडलं, तर पुढं बसलेल्या माणसाला ते कळणार कसं? लाइफ जॅकेट घातलेलं असलं तरी कुणाला तरी कळायला हवं ना. हा विचार आला आणि मग मी काम हातात घेतलं. उन्हाळ्यात पाणी उतरतं, लाँच काठावर ओढता येते, तेवढाच काय तो मोका.

पहिलं काम मोजायचं. तुमच्या खिशात मोबाइल आहे, त्यात डेसिबल दाखवणारं एखादं ॲप टाका. मोबाइलचा माइक प्रयोगशाळेतला नसतो, आकडा दोन-चार डेसिबलनं इकडंतिकडं होतो. पण तोच फोन, तीच जागा, तेच आरपीएम ठेवलं तर आधीचा आणि नंतरचा फरक बराच भरवशाचा मिळतो. आम्ही खडूनं चार जागा आखल्या. मामांच्या कानाजवळची, मधल्या बाकाची, मागच्या टोकाची आणि झाकणापासनं एक मीटरवरची. मामांच्या कानाजवळ आकडा आला ९७.

आता ९७ म्हणजे किती, हे समजायला थोडं गणित लागतं. डेसिबल हे साधं माप नाही. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी नायोश नावाची सरकारी संस्था आहे, तिचा हिशेब असा, की ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास, आणि पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, आणि ९७ ला फक्त अर्धा तास. मामांच्या सगळ्या फेऱ्या मिळून इंजिन रोज साधारण चार तास चालतं. वीस वर्षं. तुम्हीच करा हिशेब.

मोठ्या जहाजांसाठी याचे कायदे आहेत. १ जुलै २०१४ पासून १६०० सकल टनांच्या आणि त्यावरच्या नव्या जहाजांना आंतरराष्ट्रीय आवाज-संहिता बंधनकारक आहे. इंजिन रूममध्ये ११० डेसिबलची कमाल मर्यादा, खलाशांच्या केबिनमध्ये जहाजाच्या आकाराप्रमाणं ६० किंवा ५५. म्हणजे मोठ्या जहाजावरचा माणूस इंजिनापासनं चार मजले वर झोपतो, त्याच्या झोपेची काळजी नियमात लिहिलेली आहे. आणि मामा हातभर अंतरावर बसतात, त्यांची लाँच त्या नियमाच्या आसपासही येत नाही. ही गोष्ट मला खुपते.

असो. आवाज इंजिनापासनं कानापर्यंत दोन वाटांनी येतो. एक हवेतनं, आणि दुसरी लोखंडातनं. इंजिन बेडवर बोल्टनं घट्ट आवळलेलं असतं, बेड तळाला वेल्ड केलेला असतो, तळाला बाकं जोडलेली असतात. इंजिन ढोलकीची काठी, आणि अख्खी लाँच ढोलकी. तुम्ही इंजिनावर कितीही भारी झाकण ठेवा, काठी ढोलकीला चिकटलेली आहे तोवर ढोलकी वाजणारच. म्हणून आधी कुठली वाट मोठी आहे ते शोधायचं. आमची गॅरेजवाल्यांची रीत सोपी आहे. लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनाच्या भागाला, मूठ कानामागच्या हाडाला. फिरत्या पट्ट्यापासनं आणि शाफ्टपासनं लांब राहून, हे सांगायला नकोच. नाहीतर सरळ तळहात ठेवायचा. ज्या पत्र्यावर हाताला मुंग्या येतात, तो पत्रा बोलतोय.

पहिल्या सकाळी आम्ही एक रुपयाही खर्च न करता फक्त आवळाआवळी केली. बाकाचे ढिले नट, झाकणाची कडी, पान्यांची पेटी. मॅनिफोल्डच्या गॅस्केटपाशी काजळीचा काळा पट्टा दिसला, म्हणजे तिथनं धूर फुसफुसत होता. गॅस्केट बदललं. तेवढ्यानं कर्कशपणा गेला.

मग सायलेन्सर. आधी नुसता सरळ पाइप छतातनं वर काढलेला होता. त्याला इंजिनाच्या मापाचा सायलेन्सर बसवला. मापाचा हा शब्द महत्त्वाचा. लहान बसवला तर धूर अडतो, इंजिन काळं ओकतं, तापतं, ताकद जाते. पाइप छताला लोखंडी पट्टीनं न जखडता रबरी हँगरवर टांगला, आणि हात लागू शकेल तिथं काचेच्या कापडाची पट्टी गुंडाळली. जुने मिस्त्री अॅस्बेस्टॉसची दोरी सुचवतात, ती अजिबात घेऊ नका. समुद्रातल्या बऱ्याच बोटींत धुरात पाणी सोडून आवाज आणि उष्णता दोन्ही मारतात. उत्तम पद्धत आहे, पण पाइपाचा चढ-उतार चुकला तर तेच पाणी उलटं इंजिनात येतं. मामांच्या लाँचवर तेवढी उंचीच नव्हती, म्हणून आम्ही त्या वाटेला गेलो नाही. सायलेन्सर बसल्यावर आकडा ९४ वर आला.

तिसरं, रबरी माउंटिंग. इथं जरा रमतो, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथं होते. लोकांना वाटतं, इंजिनाखाली ट्रकच्या टायरचा तुकडा सरकवला की काम झालं. रबर काम करतं ते स्प्रिंगसारखं. इंजिन त्यावर ठेवलं की त्या जोडीची स्वतःची एक डोलण्याची गती ठरते. इंजिनाचे ठोके त्या गतीच्या साधारण १.४ पटीपेक्षा जलद असतील तरच रबर धक्का अडवतं. त्याच्या खाली असेल तर उलट धक्का वाढतो, झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्के दिल्यासारखा. दोन सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन १५०० आरपीएमला सेकंदाला २५ ठोके देतं. टायरचा तुकडा त्याच्यासाठी फार कडक. आणि अती मऊ घेतलं तर इंजिन नाचतं आणि शाफ्ट कण्हतो. म्हणून इंजिनाचं वजन आणि आरपीएम दुकानदाराला सांगून माउंटिंग घ्यायचं. सोबत इंजिन आणि शाफ्टच्या मध्ये लवचिक कपलिंग घ्यायचं, नाहीतर हलणारं इंजिन आणि न हलणारा शाफ्ट यांची कुस्ती होते. डिझेलच्या आणि पाण्याच्या नळ्याही रबरी जोडाच्या हव्यात.

आणि एक लक्षात ठेवा, शाफ्टची सरळ रेषा फीलर गेजनं शेवटची तपासायची ती लाँच पाण्यात असताना. काठावर ठेवलेल्या बोटीचा तळ आणि पाण्यावर तरंगणाऱ्या बोटीचा तळ यांच्या आकारात बारीकसा फरक पडतो. काठावर जुळलेली रेष पाण्यात चुकते.

एवढं करून मोबाइलवर आकडा किती उतरला? एक. पोरांचे चेहरे पडले. पण बाकावर ठेवलेला पाण्याचा तांब्या, जो वर्षानुवर्षं थरथरत होता, तो गप्प बसला होता. गंमत अशी की ही ॲप माणसाच्या कानासारखा आवाज मोजतात, आणि २५ हर्ट्झसारखी खोल घरघर ती जवळजवळ मोजतच नाहीत. ती घरघर कानापेक्षा पोटाला, गुडघ्यांना कळते. मामांचे पाय संध्याकाळी बधिर व्हायचे ते कमी झाले, असं ते स्वतः म्हणाले. आकडा सगळं सांगत नाही.

आता आलं झाकण, म्हणजे तुमच्या लिंकवाल्या प्रश्नाच्या जवळ आलो. हवेतला आवाज अडवायला लागतं वजन. कुठल्याही पडद्याचं वजन दुप्पट केलं की साधारण ५-६ डेसिबल जास्त अडतात. पातळ पत्रा हलका असतो, शिवाय स्वतः घंटेसारखा वाजतो. आम्ही पत्र्याऐवजी जाड मरीन प्लायची पेटी केली आणि आतनं जड विनाइलची शीट लावली. पूर्वी यासाठी शिशाचा पत्रा वापरायचे. पेटीच्या आजूबाजूच्या पत्र्यांना डांबरी डॅम्पिंग शीट लावली. तीच हो, तुम्ही गाडीच्या दारात स्पीकर नीट वाजावा म्हणून लावता ती. ती पत्र्याचं किणकिणणं मारते, आवाज अडवत नाही. दोन कामं वेगळी आहेत.

मग फोम. फोम आवाज अडवत नाही, शोषतो. पेटीच्या आत आवाज भिंतीवरनं भिंतीवर आदळत वाढतो, ते आदळणं फोम कमी करतो. आणि तेही फक्त उंच पट्टीचं. २५ हर्ट्झची लाट हवेत सुमारे १४ मीटर लांब असते, मामांच्या लाँचपेक्षा मोठी. दोन इंची फोमला ती हिंगलत नाही. टॅपेटची टकटक, इंजेक्टरची टिकटिक, ही हजार हर्ट्झच्या आसपासची आणि वरची मंडळी फोममध्ये मुरतात. म्हणून आधीची सगळी कामं झाल्याशिवाय फोम म्हणजे फुटलेल्या बादलीला रंग.

कुठला घ्यायचा? इंजिनासाठीचाच. आग न धरणारा, आणि वर ॲल्युमिनियमचं किंवा फिल्मचं आवरण असलेला, म्हणजे डिझेल आणि तेल आत मुरणार नाही. गादीचा फोम, थर्माकोल, अंड्यांचे ट्रे यातलं काहीही इंजिनाजवळ लावायचं नाही. थर्माकोल आणि ट्रे आवाजाला काही करत नाहीत आणि तिन्ही पेटतात. गादीच्या फोमचा धूर विषारी असतो, आणि पाण्याच्या मधोमध आग लागली की पळायला जागा नसते. नुसत्या गोंदावर विसंबू नका, उष्णतेनं गोंद सुटतो आणि फोम पट्ट्यावर पडतो. मोठ्या वॉशरचे स्क्रू मारा.

सगळ्यात मोठा चोर म्हणजे फट. पेटीच्या एकूण क्षेत्रफळाच्या १ टक्का जरी उघडं राहिलं, तरी पेटी कितीही भारी असो, २० डेसिबलच्या पुढं काही अडत नाही. याची तपासणी मोबाइलनंच करा. रात्री टॉर्च चालू करून फोन बंद पेटीत ठेवा. इंजिन बंद आणि थंड असताना, हं! जिथनं उजेड दिसेल तिथनं आवाज येतोय. आमच्या पेटीला असे सात-आठ काजवे दिसले, सगळ्यांना रबरी पट्टी लावली.

पण इंजिनाला श्वास हवा. डिझेल जाळायला हवा लागते, आणि पेटीतली उष्णता बाहेर जायला लागते. म्हणून हवेची वाट ठेवायची, फक्त ती नागमोडी ठेवायची आणि आतनं फोम लावायचा. हवा वळते, आवाज वळणावर मार खातो. बाहेरनं बघितलं तर इंजिन दिसता कामा नये, एवढी खूण लक्षात ठेवा. हवेनं थंड होणारं इंजिन असेल तर अशी पेटी करूच नका, तापून बसेल. आणि पेट्रोलचं इंजिन असेल तर पेटीत वाफ साठते, एका ठिणगीचं काम. त्यात हात घालू नका.

पेटीला मामांचा विरोध होता, आणि तो खोटा नव्हता. म्हणाले, "अरे, आवाजावरनं मला इंजिनाची तब्येत कळते. तू त्याचं तोंडच बांधतोयस." वीस वर्षांच्या मेकॅनिकला हे कसं समजवायचं? आम्ही तापमानाचा काटा त्यांच्यासमोर आणला, ऑइल प्रेशर पडलं तर वाजणारा बझर आणि लाल दिवा लावला, आणि पेटीला एक छोटं झडप ठेवलं. मामा अजूनही रोज सकाळी ते झडप उघडून मिनिटभर ऐकतात. ऐकू देत की.

शेवटचा आकडा ८८. रोजच्या चार तासांना बरोबर काठावर. ९ डेसिबल म्हणजे ऊर्जा जवळजवळ आठवा हिस्सा. काठावर म्हणजे सुरक्षित, असं मी म्हणणार नाही, म्हणून लांबच्या फेरीला एका कानात साधा फोमचा प्लग घालायचं ठरलंय. हाक ऐकायला दुसरा कान मोकळा.

काहींनी विचारलंय, मग सरळ इलेक्ट्रिक का नाही? बरोबर आहे. केरळात वैकमला जानेवारी २०१७ पासून "आदित्य" नावाची ७५ माणसांची सौर फेरीबोट चालते, तिच्यात डिझेलची धडधडच नाही. पण ती सरकारनं घेतलीय. मामांच्या लाँचवर अजून बँकेचं कर्ज आहे.

मामांची ऐकण्याची तपासणीही केली, ऑडिओग्राम म्हणतात त्याला. कागदावरची रेष ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात गेलीय, दोन्ही कानांची. ती वर येणार नाही, आणखी खाली जाऊ नये एवढंच बघायचं. तुमच्यासाठी सांगतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं इअरफोनवर ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात. एसटीच्या घरघरीवर मात करायला तुम्ही आवाज वाढवता ना, तिथं तो हिशेब बिघडतो.

मोठा आवाज गेल्यापासनं मामांना एक नवीन आवाज ऐकू यायला लागलाय. मागनं, पाण्याजवळनं, वळताना कुरकुर. तो आधीपासनं असणार, फक्त झाकलेला होता. शाफ्टच्या मागच्या टोकाचं रबरी बेअरिंग झिजलंय असा माझा अंदाज आहे. पाणी उतरल्यावर बघू. तोवर तुमच्या बोटीचे, पंपाचे, जनरेटरचे आकडे पाठवा, आणि फोन कुठं धरला होता तेही लिहा.